खासबाग, दुपारी सव्वादोन

यादी मीच केली होती, जालन्याहून निघताना,
विजेच्या बिलाच्या कोऱ्या बाजूला:
अकरा ठिकाणं, प्रत्येकासमोर वेळ,
जेवायला पाऊण तास.
लेखापरीक्षणात तीस वर्षं काढलेला माणूस
रजासुद्धा रकान्यांत मांडतो.

उज्ज्वलानं ती वाचली, घडी घातली
आणि पर्समध्ये गोळ्यांच्या पाकिटाखाली ठेवून दिली.

सकाळी अंबाबाईच्या दारात रांग थोडीच होती.
दर्शन झाल्यावर ती मंडपातले खांब मोजत बसली.
"मोजू नगा, कुणालाच जमत न्हाई,"
हारवाली म्हणाली, गाठ दातानं आवळत.
दर वेळी वेगळा आकडा येत होता
आणि तिची त्याला काहीच हरकत नव्हती.
माझी होती.

गंगावेशीत म्हशी ओळीनं उभ्या.
गवळ्यानं समोरच धार काढली,
पेला फेसानं काठोकाठ, हाताला कोमट.
त्रेपन्नाव्या वर्षी तिला पांढरी मिशी आली
आणि ती तशीच घेऊन
ती अख्खी गल्ली चालली.

चप्पल लाइनीत तिनं नेमकी चावणारी जोडी उचलली.
"आठ दिवस चावंल, मग जल्मभर इमानी,"
दुकानदार म्हणाला,
अंगठ्यावरून तेलाचं बोट फिरवत.
मी लग्नाचा विषय काढला नाही.

रिक्षावाले शिकलगार मला घड्याळ बघताना बघत होते आरशातून.
"एवढी गडबड कशाची, पावणं?
रंकाळा कुठं पळून जातोय व्हय?"

जेवणाला दीड तास लागला.
तांबड्यानं कान उघडले,
पांढऱ्यानं समजूत काढली,
पुन्हा तांबडा.

मग खासबाग. यादीत नव्हती ती,
नुसती वाटेत होती.
गोल, मोकळी, दुपारच्या उन्हात भांड्यासारखी तापलेली.
हजारो माणसांच्या बैठकींवर
एक कुत्रं झोपलेलं.
मधल्या हौद्यात मोडक्या कानांचं एक पोरगं
खोऱ्यानं लाल माती उकरत होतं.
हळद, तेल, ताक, लिंबू...
मातीत काय काय घालतात ते त्यानं सांगितलं,
लोणच्याची कृती सांगावी तसं.

उज्ज्वलानं करकरणारी चप्पल काढली.
"उतरू का रे?"
"उतरा की मावशी. पाया पडून उतरा."

पदर खोचला. वाकली.
चिमूटभर माती कपाळाला, उरलेली तळव्यांना.
क्षणभर उगीच उभी राहिली,
गॅसवर काही ठेवलंय का आठवत असल्यासारखी.
आणि मग
शड्डू.

एकच. पण तो बैठकींवरून गोल फिरला,
पलीकडच्या भिंतीला लागून परत आला,
पारवे उडाले, कुत्र्यानं मान वर केली,
पोराचं खोरं थांबलं.
"आयला," शिकलगार म्हणाले माझ्या शेजारी,
आणि लगेच टोपी सारखी केली.

सव्वीस वर्षांत तिचा आवाज मी
स्वयंपाकघरातून ऐकलाय, गॅलरीतून,
आईच्या आजारपणात दवाखान्याच्या जिन्यावरून.
मांडीवरून आजच.

पाच भाऊ होते तिला.
जत्रेच्या फडाला बापामागनं जायचे, फेटे बांधून.
ही घरी, डाळ निवडत.
हे सुद्धा आजच कळलं,
चप्पल घालताना, अंगठा बसत नव्हता तेव्हा,
अंगठ्याविषयी बोलावं इतक्या सहज.

राजवाड्याचं संग्रहालय बंद व्हायला आलं होतं.
बाहेरूनच बघितलं. घड्याळाचा मनोरा,
कुंपणाआड दोन हरणं, एक बहुतेक हसत होतं.

संध्याकाळी रंकाळ्यावर वारा होता, भेळ होती,
पाण्यात अर्धा बुडलेला संध्यामठ.
किती झाली, किती राहिली ते बघू म्हणून
मी यादी मागितली.
तिनं पर्समधून एक पुडी काढली.
पन्हाळा, जोतिबा, टाउन हॉल
चुरगळून गोल झालेले,
आत मूठभर लाल माती.
"घरी तुळशीत घालीन," म्हणाली,
मग थोड्या वेळानं, "बघू."

परतताना तिची टाच सोलली होती.
चप्पल हातात, पाय रिक्षाच्या दांडीवर,
ती काहीतरी गुणगुणत होती, सूर नसलेलं.
मीटर टाकायला शिकलगार विसरले होते
किंवा विसरले नव्हते.
मी विचारलं नाही.