नेत्तुरु

आईला मराठी यायचं ते विड्यांपुरतं.
हजार, कट्टा, पान ओलं, तंबाखू कमी,
छाट किती काढली, मजुरी कधी.
पोटासाठी तिच्याकडे एकही मराठी शब्द नव्हता.
म्हणून मी जायचो सोबत,
नववीतला, शाळेच्या खाकी पँटवर,
साखर पेठेतल्या दवाखान्यात
दोन खुर्च्यांच्या मधे उभा.

आई बोलायची लांबलचक.
रात्री किती वेळा उठते,
संडासाच्या रांगेत डबा धरून कशी मुरडते,
नळाला चार दिवसांनी पाणी, तर धुवायचं काय नि कशानं,
आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून,
तो शब्द.

मी म्हणायचो, "पोट दुखतंय."

डॉक्टर लिहायचे. मान वर न करता विचारायचे,
"तिखट खाते का?"
सोलापुरात हे विचारायचं असतं?
मी म्हणायचो, हो.
"शेंगाचटणी बंद."
गुलाबी पातळ औषध, पांढऱ्या गोळ्या,
पुढचा नंबर.

बाहेर बाकावर गल्लीतली माणसं,
वर्गातल्या एका मुलीची आजी,
आणि दाराला नुसता पडदा.
माझ्या तोंडून तो शब्द पडद्यापलीकडे जाणार नव्हता.
सात महिने नाही गेला.

सात महिन्यांत आई सुपातल्या फोलासारखी झाली.
हजार विड्यांच्या जागी सहाशे.
ती म्हणे, चटणी सोडली तरी आहेच.
मी म्हणे, चोरून खात असशील.
हे मी मराठीत म्हणालो की तेलुगूत, आठवत नाही.
दोन्हीत तेवढंच वाईट.

मग सिव्हिल. पंखा बंद, खिडकीत जुने केसपेपर,
हत्तुरे नावाच्या डॉक्टरीणबाई.
आई बोलली सगळं, नेहमीच्या क्रमाने.
मी म्हणालो, "पोट दुखतंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं.
"एवढंच?"
"एवढंच."
"ती नेत्तुरु म्हणाली. दोनदा.
आमच्या अक्कलकोटच्या घरी नेत्तर म्हणतात.
बोट कापलं की आजी हाच शब्द ओरडायची."

आईने माझ्याकडे पाहिलंच नाही.
बाईंकडे पाहिलं,
भर बाजारात कुणी माहेरच्या नावाने हाक मारावी, तसं.

"तू बाहेर थांब," बाई म्हणाल्या. मग, "नको.
स्टूल घे, बस.
पण तिचे शब्द सांग. तुझे नकोत."

सांगितलं.
रक्त. संडासातून. गड्ड्याच्या जत्रेपासून.
पडदा हलला, पलीकडे कुणी खोकलं,
आणि बाकी काहीच झालं नाही.

नंतर नळी घालून तपासणी, मोठ्या आतड्याला जखमा,
एक लांब नाव, जे बाईंनी तीनदा सांगितलं
आणि चौथ्यांदा आईकडून वदवून घेतलं.
कायमचा जाणार नाही, आटोक्यात राहील, हेही.
"आणि हा तुमच्या चटणीने झालेला नाही."
आई रडली ती इथे.

"किती दिवस लाल, लिहून आणा."
लिहिता कुठे येत होतं.
तिने विडीचा दोरा घेतला.
लाल दिवस, गाठ. साधा दिवस, बोटभर मोकळा.
पुढच्या खेपेला कनवटीतून काढून टेबलावर ठेवला.
बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला,
दोरा चिमटीतून सरकवत गेल्या, थांबल्या.
"इथे सलग चार. काय झालं होतं?"
मी विचारलं. आई म्हणाली,
मजुरी थकली होती, गोळ्या दिवसाआड घेतल्या.
हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

दोऱ्यांचा डबा अजून आहे, बिस्किटाचा, पत्र्याचा.
दोनदा भरती झाली ती, एकदा फार वाईट.
पण विड्या परत आठशेवर आल्या होत्या.

परवा बायकोने विचारलं, पंधरा दिवस जेवत का नाही नीट?
मी म्हणालो, काही नाही. पोट दुखतंय.

आतल्या खोलीतून आई म्हणाली,
"अंतेना?"
एवढंच?