आवाज बंद करण्याचा खर्च

गाडी दिसायच्या आधी ऐकू आली.
ग्लेस बेच्या चढावर, बंद खाणीच्या फाटकापाशी,
कुणी पत्र्याच्या डब्यात खडे भरून
फरफटत आणतंय असं वाटलं.
मी चहाचा मग खाली ठेवला. म्हटलं,
रोना गिलिस. दोन हजार पाचची कोरोला.
मार्च काढेल असं मीच सांगितलं होतं. एप्रिल लागला होता.

लिफ्टवर चढवली, खालून पाहिली.
इथल्या रस्त्यांवर पाच महिने मीठ पडतं,
उरलेले सात महिने समुद्र पाठवतो.
पाइपाला बोट लावलं तर बोट आत गेलं,
चहात बुडवलेल्या बिस्किटात जावं तसं.
फ्लँजचे बोल्ट आता बोल्ट नव्हतेच,
फुगलेली तपकिरी बोंडं,
पाना लावला की मान टाकणारी.

ती शेजारी उभी, कामाच्या निळ्या कपड्यांत,
छातीवर एजन्सीचा बिल्ला,
मान वर करून बघत होती
एक्स-रेकडे बघतात तशी:
चित्रातलं काही कळत नाही,
डॉक्टरच्या भुवया तेवढ्या कळतात.

पाठकोऱ्या पावतीवर मी पेन्सिलीनं लिहिलं.
कन्व्हर्टर, कंपनीचा नको, बाजारातला: चारशे वीस.
मधला पाइप एकशे नव्वद. सायलेन्सर एकशे साठ.
सेन्सर नव्वद (काढताना तुटणारच).
बोल्ट, गॅस्केट, टांगायची रबरं, पंचावन्न.
मजुरी पाच तासांची, चारशे पंचाहत्तर.
सहावा तास शिव्यांचा, तो मी लावत नाही.
तेराशे नव्वद. वर कर.

विकली तर गाडीचे हजार येतील,
तेही टाकी भरून दिली तर.
सोन्यापेक्षा घडणावळ जड.

“नुसता आवाज तर आहे,” ती म्हणाली.
नुसता आवाज नाही, म्हटलं, धूर आत येतो.
काचा लावून बसतेस, डोकं दुखेल.
“डोकं दुखतंच.”
मग दोघंही काचेवरच्या तपासणीच्या स्टिकरकडे बघत राहिलो.
तीस तारखेला संपत होता.

अंगणामागे लॉर्नची कोरोला पडून आहे,
पुढून चेपलेली, मागून धडधाकट.
तिचा पाइप कापला, हिच्या पोटाला जोडला.
कन्व्हर्टर खुळखुळत होता, पण जिवंत होता, राहू दिला.
सांधे मारले, दोन जागी पट्टे आवळले.
सुंदर काम नव्हे. माझ्या वडिलांनी बघितलं असतं तर
काही न बोलता निघून गेले असते.
सहाशे दहा, करासकट.
पंधरा शुक्रवार चाळीस-चाळीस,
सोळाव्याला दहा.

तिसऱ्या शुक्रवारी ती दारात उभी होती
आणि मला कळलंच नाही केव्हा आली.
पाकीट ठेवलं. जाईना.
“एक भानगड झालीय,” म्हणाली.

पॉइंट रोडच्या टोकाला क्लॅरेन्स बुटिलिये राहतो,
अठ्ठ्याऐंशीचा, डोळ्यांनी पूर्ण अधू.
सहा वर्षं ती रोज सकाळी त्याच्याकडे जाते.
पुलावर हिची गाडी कडाडली
की तो उठायचा, दात बसवायचा,
शर्टाची बटणं लावायचा, दाराची कडी काढायचा,
किटली चढवायचा. घड्याळ लागतच नव्हतं त्याला.
आता ही जाते तेव्हा तो खुर्चीत तसाच,
रात्रीच्या कपड्यांत, तोंडाचं बोळकं.
पहिल्या दिवशी तर चुलीची सळई घेऊन
कोण आहे, कोण आहे, म्हणत उभा राहिला.

“हॉर्न दे ना पुलावरून.”
“देते. तो म्हणतो, हॉर्न काय, कुणाचाही असतो.”

मी म्हटलं, भोक पाडायचे माझ्याकडे दर नाहीत.
ती हसली, पण थोडीच,
आणि क्षणभर मला वाटलं ती खरंच विचारतेय.

पाकीट गल्ल्यात टाकलं, वहीत चाळीस मांडले,
बाकी चारशे नव्वद.
मान वर केली तर दार रिकामं.
चढानं गेली की पुलाकडे वळली,
कान देऊन बसलो,
काही कळलं नाही.