तांडेल साहेबांना गाव दाखवताना

तुम्ही विचारलंत, साहेब, पैठणात बघण्यासारखं काय?
देवगडच्या माणसाला पाणी दाखवायचं म्हणजे
हलवायाच्या पोराला बत्तासा.
तरी निघालो. रविवार, बँक बंद,
माझी टीव्हीएस मात्र चालू.

आधी धरणाखाली, लिंबोरेबाईंच्या पत्र्यात.
सुरमई मागितलीत, तर बाईंनी वर बघितलंच नाही.
रोहू होता, कटला होता,
मरळ नशिबावर.
भाकरी तव्यावरून थेट हातात, ताट मागून.
पहिल्या घासाला तुम्ही थांबलात:
मीठ कमी वाटतंय.
बाई म्हणाल्या, पाणी गोडं हाय भाऊ,
मासा कुठनं खारट हुईल?

मुनीरभाईच्या चहाला साखर विचारत नाहीत.
बाकडं म्हणजे मोडक्या होडीची फळी.
तुम्ही ती बोटांनी चाचपलीत,
वैद्य नाडी बघतो तशी.
आंबा? होडीला आंबा?
आणि एवढे हसलात की बशी सांडली.

बागेत कारंजी कोरडी,
तिकिटाच्या खिडकीत कुत्री व्यालेली.
चार पिल्लं, डोळे न उघडलेली.
आपण आवाज न करता मागं फिरलो.

मागावर मोराची पैठणी विणत होता एक पोरगा.
किंमत ऐकून तुम्ही चष्मा काढलात,
हप्त्यानं देता का, म्हणालात.
बँकेचा माणूस!
पोरगा लाजला, धोटा थांबला.

संध्याकाळी काठावर नेलं.
वारं सुटलेलं, पार क्षितिजापर्यंत पाणी.
अरे, लाटा आहेत की, म्हणालात,
आणि पँट दुमडून उतरलात आत.
ओंजळ तोंडाला लावलीत. चव बघितलीत.
बराच वेळ काही बोलला नाहीत.
मग विचारलंत: भरती कधी असते इथं?

भरती श्रावण-भादव्यात, साहेब,
वर नाशकाला पाऊस झाला की.
ओहोटी मे महिन्यात.
वर्षातून एकदाच, पण मोठी असते.
एखाद्या साली तर एवढी मोठी
की तिकडं, त्या बगळ्याच्या डाव्या हाताला,
आमची बोरवाडी वर येते.
मारुतीचा चौथरा, मग आडाचा कठडा,
मग माझ्या आईचं भज्याचं हॉटेल.
हॉटेल कसलं, तीन पायऱ्या आणि एक भट्टी.
मी नऊ वर्षांचा होतो, ट्रकात बसलो तेव्हा
कढई माझ्या मांडीवर होती. अजून गरम.

मागच्या दुष्काळात गेलो होतो चालत.
चिखल भेगाळलेला. भट्टीत शिंपले.
बोटांनी उकरून काढले सगळे,
कुणी गिऱ्हाईक येणार असल्यासारखे.
पायरीवर बसलो, एक बिडी ओढली, उठलो.

पाणी उतरलं की नेईन तुम्हाला.
बदली झाली नाही तोवर तुमची, म्हणजे बरं.
खायला तिथं काही मिळायचं नाही,
डबा न्यावा लागेल.
आणि पाणीसुद्धा.