पाव गोळी

देओलिंदा रिकामी डबी काउंटरवर ठेवायची,
मी भरलेली पुढे करायचो.
सहा वर्षं एवढंच आमचं बोलणं,
आणि सार्डिनचा भाव.

पहिली चिठ्ठी मला आठवते.
नवऱ्याची बोट पेनिशच्या बंदरात परत आली नाही,
त्या आठवड्यातली.
"रात्री एक. दोन आठवडे."
म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी 'दोन आठवडे'खाली
रेघ ओढली होती, कागद फाटेल इतकी.
गोळीनं काम चोख केलं, खोटं कशाला बोलू?
छातीतला हातोडा थांबला. बाई झोपली.
रिकाम्या शवपेटीशेजारी
ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

पुढच्या चिठ्ठीवर रेघ नव्हती.
डॉक्टरीणबाई निवृत्त होऊन मुलीकडे गेल्या,
एकीची दीड झाली, दीडच्या दोन,
आणि मी शिक्का मारत गेलो
पोस्टातल्या कारकुनासारखा.

ती लेस विणते. मांडीसमोर लोड,
लोडावर टाचण्यांचं रान,
साठ लाकडी दांड्या बोटांखाली टकटकत असतात
गारा पडल्यासारख्या.
चौथ्या वर्षी दांड्या मधेच थांबू लागल्या.
"आत्ता कुठली उचलली होती मी?"
असं ती खिडकीला विचारायची.
मग जिन्यावरून पडली. मनगट.
मग कळलं, जेवताना पेलाभर वाइनही असते,
"पेलाभरच तर."
मग कळलं, शेजारच्या एर्मेलिंदाच्या पोराला
ड्रायव्हिंगच्या परीक्षेआधी दिली होती एक,
हात थरथरू नयेत म्हणून.
शेजारधर्म!
पोरगं सिग्नलपाशी पेंगलं. परीक्षक जागा होता,
म्हणून आज पोरगं आहे.

मी तेव्हाही शिक्काच मारला.

लेंटमधल्या एका रविवारी
तिनं अख्खी पाकिटं किल्ल्याच्या भिंतीवरून
समुद्रात फेकली. सगळ्या गावानं पाठ थोपटली.
सोमवारी घाम. मंगळवारी
धागे हलायला लागले, कोणी न हलवता.
बुधवारी लेसशाळेत ती लोडावरच कोसळली,
अंग झटके देत, टाचण्या फरशीभर.
दुकान समोरच. मी धावलो,
तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझा कोट,
तोंडात काहीही घालू दिलं नाही
आणि फोनवर मिनिटं मोजत राहिलो.
एर्मेलिंदा रडत होती: "पण तिनं तर सोडली होती ना!"
सोडली होती. तेच तर.

नवा डॉक्टर इव्हांद्रु, केप व्हर्दच्या माणसांचा,
कपाळावर अजून मुरुमं.
त्यानं गोळी परत सुरू केली
तेव्हा तिला लाज वाटली.
मग त्यानं अकरा महिन्यांचा तक्ता काढला,
दर थोड्या आठवड्यांनी एक चिमूट कमी,
जड गेलं तर तिथंच थांबायचं,
मागे ढकलायला कोणी नाही.
तिनं तक्ता बराच वेळ पाहिला. म्हणाली,
"म्हणजे उसवायचं.
उसवताना धागा ओढायचा नाही, डॉक्टर.
ओढला की गाठ बसते."
त्याला लेसमधलं काही कळत नव्हतं.
मला कळलं, आणि मान वर करवेना.

आता पाव गोळीवर आहे.
मी कातरीवर कापून देतो,
कागदावर पांढरी भुकटी उरते,
ती बोटानं टिपायला जाते, मी हात मारतो,
दोघं हसतो.
सगळ्या रात्री चांगल्या नसतात.
काही रात्री माझी पाळी असते, दुकान उघडं असतं,
ती लोड घेऊन येते, काही मागत नाही.
टकटक. मधेच थांबते. पुन्हा टकटक.

परवा तिनं माझ्या ड्रॉवरमध्ये डबी पाहिली.
माझ्या नावाची.
बायकोचे रिपोर्ट लिस्बनहून आले त्या दिवसापासूनची.
काही बोलली नाही.
नमुना आखायची पेन्सिल कानावरून काढली
आणि डबीवरच्या 'दोन आठवडे'खाली रेघ ओढली,
टोक मोडेपर्यंत.

आज बारावा दिवस.