नियमित

उद्यमबागेत आमच्या फाउंड्रीवर नवी पाटी लागली.
वर कानडी, मोठी. खाली मराठी, बोटभर.
कानडीत शेवटचा शब्द ‘नियमित’, म्हणजे लिमिटेड.
आई अक्षरं जुळवत म्हणाली,
‘नियमित तर हे आधीपासनंच हाईत की.
पावणेआठचा भोंगा कधी चुकवलाय?’

कारण तिला ठाऊक होतं.
भागीदारी होती तेव्हा
हुबळीच्या पंपवाल्याचे चाळीस नग तडकले,
आणि कोर्टाचा बेलीफ फाउंड्रीत न जाता
थेट अनगोळला, घरी आला.
चपला बाहेर काढल्या त्यानं, एवढं खरं.
कपाट, टीव्ही, शिलाई मशीन… लिहीत गेला.
मशीनवर माझा युनिफॉर्म होता, एक बाही लागायची होती.
तो त्यानं घडी करून बाजूला ठेवला.

हुक्केरी सीएंनी समजावलं,
‘ही कंपनी म्हणजे वेगळा माणूस.
तिला भूक नाही, सोयरे नाहीत, पॅन कार्ड आहे.
बुडाली तर ती बुडेल, तुम्ही काठावर.
फक्त परशरामअण्णा,
तिच्या पैशानं भाजी आणू नका.’

तेव्हापासून बाबांच्या सदऱ्याला दोन खिसे.
डावा कंपनीचा, उजवा घरचा.
चहावाला पोरगा आला की हात हवेत थांबतो:
हा चहा कुणी प्यायला?
एकदा उजव्यानं डाव्याला शंभर रुपये उसने दिले.
त्याचीही डायरीत नोंद.

साचा बांधणाऱ्याला यात नवं काय?
वरची पेटी, खालची पेटी,
मध्ये कोरडी वाळू भुरभुरायची,
म्हणजे एकीला दुसरी चिकटत नाही.
पण रस पातळ असतो.
केसाएवढी फटसुद्धा हुडकून काढतो.

फट बँकेत होती, अकराव्या पानावर.
नव्या भट्टीच्या कर्जाला
‘संचालकांची वैयक्तिक हमी’.
‘सगळेच करतात,’ मॅनेजर म्हणाले.
बाबा बराच वेळ पेनाचं टोपण
काढत, लावत राहिले.
मग सही केली. खाली पूर्ण नाव,
परशराम भैरू यळ्ळूरकर,
ज्याला भूक आहे, सोयरे आहेत.

घर दोघांच्या नावावर, म्हणून आईचीही सही हवी.
ती म्हणाली, ‘शिलाई मशीन यात येतं काय?’
मॅनेजर हसले. ‘छे हो, काकू.’
‘मग तसं लिहून द्या.’
ते पुन्हा हसले. ती हसली नाही.
ते खणात कोरा कागद शोधू लागले.