पुठ्ठ्यावरचा नामिबिया

जाण्याच्या आदल्या रात्री हिरामणने
द्राक्षाच्या रिकाम्या पेटीचा तळ फाडला
आणि मार्करने देश काढून दाखवला:
डावीकडे समुद्र, खाली नदी,
वर उजव्या कोपऱ्यात एक लांब बोट,
पंगतीत कुणी मीठ मागावं तसं बाहेर आलेलं.
‘जमीन महाराष्ट्राच्या अडीचपटीहून जास्त,’ म्हणाला,
‘माणसं आपल्या जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नाहीत.’
आईने विचारलं,
मग तिथे काडीवरचे डोळे कोण मोजतं?

तो पुठ्ठा आता मोहाडीला, आमच्या ओट्यावर,
फवारणीच्या तक्त्याशेजारी टांगलाय.
फोन आला की मी भर घालते.

नदीचं नाव ऑरेंज.
आईला वाटलं, काठाला संत्री असणार.
नाही, ते कुठल्याशा राजघराण्याचं नाव;
काठाला द्राक्षंच, एवढीशी हिरवी पट्टी,
पट्टी संपली की दगड,
भाकरी शेकून निघेल इतके तापलेले.
‘आणि ऐक, ही नदी
पूर्वेच्या समुद्राजवळ उगवते
आणि जाते पश्चिमेला.
आपली गंगा नाही का,
ब्रह्मगिरीवरून जवळचा समुद्र टाकून निघाली?’
मी नदीवरून निळं पेन दोनदा फिरवलं.

मग आली फिश नदीची दरी.
फोटोत हिरामण उभा, टोपी हातात,
मागे जमीन उसवलेली.
रामशेज आत ठेवला तर
वरून बघणाऱ्याला वारूळ वाटेल, म्हणाला.
त्याला वाढवून सांगायची सवय आहे,
तरी मी रेघ जाड केली.

वरच्या अंगाला वाळूचे डोंगर, भाजक्या विटेचे,
पायथ्याशी पांढरं सुकलेलं तळं
आणि काळी झाडं. मेलेली.
शेकडो वर्षं झाली, उभीच.
‘कुजायला ओल लागते ना, ताई.’
आई बराच वेळ काही बोलली नाही.
आमच्याकडे दोन दिवस ढग राहिले तरी
पानामागे पांढरी बुरशी धरते.

दोन पानांवर हजार वर्षं काढणारं झुडूप
कुठे काढावं कळेना,
समुद्राकाठच्या धुक्यात काढलं,
फुटक्या जहाजांपासून जरा अलीकडे.
त्या लांब बोटाकडे हत्ती नदी पोहून जातात म्हणे.
त्याने पाहिले नाहीत.
तो तिथेही वेलीच पाहतो.

काल म्हणाला, ‘आमचा माल निघाला, पेट्या बोटीवर चढताहेत.’
मार्गशीर्षात असं कुणी बोलतं का?
इथे गोडी छाटणीला दोन महिने झालेत फक्त.

आज विरळणी करताना ओच्यात पडलेला
एक मणी, वाटाण्याएवढा, कच्चा,
मी पुठ्ठ्यावर त्या नदीच्या काठी धरून पाहिला.
बोट काढताच घरंगळला, ओट्याखाली गेला.
मी वाकून शोधत होते.
आई म्हणाली, राहू दे गं,
कोंबडी बघेल.