दावण

चौदा फूट दोन इंच.
मोजपट्टी लावून सांगतोय, कारण सोसायटीचे सचिव
गोडांबे यांनी लेखी विचारलंय:
सदर वस्तू दुचाकी की चारचाकी?
पार्किंगचा दर त्यावर ठरेल.
मी कळवलं, चाक एकही नाही.
मग ती अडगळ ठरली. अडगळीला दंड,
महिना पाचशे.

दापोडीला लिलावात घेतली होती,
फंडाच्या पैशातून, बायकोला सांगून.
(हो, सांगून. ती म्हणाली, बरंय,
पेट्रोल तरी लागत नाही.)
तळाची भेग मीच बुजवली,
चौतीस वर्षं लेथवर घासलेल्या हातांनी.
डोलकाठी जिन्याजवळ आडवी पडून असते,
तिच्यावर तळमजल्याचे टॉवेल वाळतात.
नाव ठेवलंय टिटवी.

मग दर रविवारी जागा बघत फिरलो,
मुलीसाठी स्थळं बघावीत तसा.

खडकवासल्याच्या क्लबात
पांढऱ्या बुटांतल्या पोराने छापील कागद दिला.
प्रवेश फी, अनामत, वर्गणी,
दोन सभासदांची शिफारस.
स्कूटरवर बसूनच बेरीज केली:
टिटवी तीनदा विकली असती
तरी तिला उभं राहायला जागा झाली नसती.

मुळशीला रिसॉर्टवाल्याने चहा पाजला.
नऊ हजार महिना,
आणि शीड कायम उभारलेलं हवं,
वारा असो नसो,
पाहुण्यांना फोटो काढायचे असतात.

पाटबंधारे खात्यातले कारकून सज्जन होते.
म्हणाले, पाण्यावर जागा देता येत नाही,
जागा म्हणजे जमीन.
मग जमिनीवर द्या, म्हटलं.
ते चष्म्यावरून बघत राहिले.
जमिनीवर होडी कशाला?

परतायचं सोडून त्या दिवशी
पानशेतच्या रस्त्याला लागलो, उगाच.
डांबर संपलं तिथे, पाण्याच्या कडेला,
चांगुणाबाई पासलकर म्हशी धूत होत्या.
त्यांना सगळं सांगितलं. का, ते माहीत नाही.
त्यांनी एकच विचारलं:
दूध देते का?
नाही म्हटल्यावर म्हणाल्या,
मग खाणार बी नाय. बांध हितंच, म्हसरांशेजारी.

तीनशे रुपये. कागद नाही, शिफारस नाही.
मी लगेच खुंटी ठोकायला दगड शोधू लागलो
तर त्या हसल्या.
एका जागी ठोकून भागत नाय, दादा.
पाणी उतरतं.
गौरीला हितं असतं, माझ्या पायाशी.
चैतात त्या पळसापर्यंत खाली जातं.
मी म्हसरांची दावण उतरवत नेते
तशी हिचीबी नेईन.
त्याचे वरचे पन्नास.

म्हणजे मी जागा घेतलीच नाही.
चालत जाणाऱ्या काठाचं
भाडं भरतो.

आता त्यांचा फोन येतो,
नातवाच्या मोबाइलवरून, मोठ्या आवाजात:
तुझी टिटवी आज चार पावलं खाली नेली.
पुढच्या आठवड्यात: सात पावलं.
एकदा: लई चिखल हाय, म्हशीला जुंपून वढली.

गोडांबे सकाळी गच्चीवर जाऊन
टाकीचं झाकण उचलून बघतात,
पेपरात पाणीकपातीची बातमी शोधतात.
मला आधीच कळलेलं असतं, पावलांत.
सांगत नाही. विचारलं नाही त्यांनी.

दाढी करताना नळ मध्येच बंद करतो.
टिटवीच्या पोटाखालून निघालेलं पाणी ते,
धरणं, कालवे, पाइप करत
माझ्या मगात आलेलं.

बायको विचारते, किती वेळा चालवलीस?
खरं सांगायचं तर दोनदा.
एकदा वारा नव्हता.
बाकीच्या वेळी नुसता काठावर बसतो,
चांगुणाबाईंचा कोरा चहा पितो,
आणि एक म्हातारी म्हैस
टिटवीच्या कडेला मान घासत असते,
खाज सुटल्यासारखी,
किंवा ओळख असल्यासारखी.